एचआयव्हीसह जगणारा विद्यार्थी आणि प्राथमिक शिक्षक

खेड्यातील प्राथमिक शिक्षकास गावातील बहुतेक घरांची आतली स्थिती ठाऊक असते. कोणाचे रान सावकाराकडे अडकले आहे, कोणाची माणसे दसऱ्यानंतर ऊसतोडीला जावयाची आहेत, कोणाचे मूल सकाळी उपाशीपोटी येऊन दुपारच्या खिचडीकडे डोळे लावून बसते, हे त्यास कोणी सांगावे लागत नाही. हजेरीपट आणि मुलांचे चेहरे यांवरून ते कळते. अशी माहिती हे शिक्षकाच्या कामाचे एक साधनच होय. परंतु एक माहिती अशी आहे की, ती हाती आली असता शिक्षकाच्या विद्येबरोबर त्याच्या जिभेचीही परीक्षा होते. वर्गातील एखादे मूल एचआयव्हीसह जगत आहे, ही ती माहिती.

समजा, तिसरीच्या वर्गात एक मुलगी आहे. आईवडील हयात नाहीत, आजीजवळ राहते. अभ्यासात बेताची, पण पाढे चोख. दर महिन्याच्या एका ठरावीक दिवशी ती गैरहजर असते. कारण विचारले की खाली पाहते. गुरुजी एक दोन वेळा रागावतात, वर्गासमोर उभी करतात. मग एके दिवशी शाळा सुटल्यावर, ओट्यावर कोणी नाही असे पाहून, आजी येते. पदराखालून जिल्हा रुग्णालयाची उपचारपत्रिका काढते आणि म्हणते, "गुरुजी, पोरीला साळंतून काढू नका."

त्या क्षणी आजीने आपल्या घरातील सर्वांत जड गोष्ट शिक्षकाच्या हाती दिलेली असते. पुढे त्या मुलीचे काय होणार, हे बव्हंशी शिक्षक पुढील दोन दिवसांत कोणाशी काय बोलतो यावर अवलंबून राहते. म्हणून या विषयाची नेमकी माहिती शिक्षकास अगोदरच असावयास पाहिजे. गोष्ट समोर येऊन उभी राहिल्यावर पुस्तक उघडून भागत नाही.

विषाणूची ओळख

एचआयव्ही हा एक विषाणू आहे. मनुष्याच्या रक्तात रोगांशी झगडणाऱ्या ज्या पांढऱ्या पेशी असतात, त्यांपैकी सीडी-४ नावाच्या पेशींत तो शिरतो, तेथेच वाढतो आणि हळूहळू त्या पेशींची संख्या कमी करतो. औषधोपचार न झाल्यास काही वर्षांनी प्रतिकारशक्ती इतकी क्षीण होते की, एरवी सहज परतवून लावता येणारे रोग शरीरात ठाण मांडतात. त्या अवस्थेस एड्स म्हणतात. तेव्हा एचआयव्ही असणे आणि एड्स होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अंगात विषाणू असलेले पुष्कळ लोक उपचार घेऊन शेती करतात, नोकरी करतात, लेकरे वाढवितात; त्यांना एड्सचे रोगी म्हणणे शास्त्रदृष्ट्याही चूक आहे.

या रोगाची पहिली वैद्यकीय नोंद अमेरिकेत १९८१ साली झाली. पॅरिस येथील पाश्चर संस्थेतील शास्त्रज्ञांनी १९८३ साली हा विषाणू शोधून काढला. भारतात तो प्रथम आढळला १९८६ साली, त्या वेळच्या मद्रासमध्ये, डॉ. सुनीती सोलोमन यांच्या पथकाने तपासलेल्या रक्तनमुन्यांत. पुढे १९९२ साली राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटना स्थापन झाली आणि त्याच वर्षी पुण्याजवळ भोसरी येथे या विषयाच्या संशोधनासाठी राष्ट्रीय संस्था उभी राहिली. १९९६ च्या सुमारास अनेक औषधे एकत्र देण्याची पद्धत आली आणि रोगाचे सारे चित्र पालटले. आपल्या देशात १ एप्रिल २००४ पासून निवडक सरकारी रुग्णालयांतून ही औषधे विनामूल्य मिळू लागली; मुंबईचे सर ज. जी. रुग्णालय त्यांपैकी एक होते. आता जिल्ह्याजिल्ह्यांतून एआरटी केंद्रे आहेत. २०१७ पासून तर निदान होताच, पेशींची संख्या कितीही असो, उपचार सुरू करावयाचे असे धोरण आहे.

हे औषध विषाणूस समूळ नष्ट करीत नाही. त्यास दाबून ठेवते. रोज, न चुकता आणि जन्मभर घ्यावे लागते. तसे घेतल्यास रक्तातील विषाणूंचे प्रमाण इतके खाली येते की तपासणीतही ते सापडत नाही. अशा अवस्थेत प्रौढ मनुष्याकडून त्याच्या जोडीदारास लैंगिक संबंधांतून लागण होत नाही, हे मोठ्या अभ्यासांतून सिद्ध झाले आहे. आज उपचारावर असलेले मूल मोठे होते, शिकते, विवाह करते, आणि वैद्यकीय देखरेखीखाली त्यास निरोगी अपत्येही होऊ शकतात. ज्या शिक्षकाच्या मनात १९९० च्या आसपासची भिंतीवरची चित्रे, म्हणजे कवटी, हाडे आणि मृत्यूचे शब्द, अजून घर करून आहेत, त्याने ती प्रथम पुसून टाकावीत.

लागण कशाने होते

मार्ग मोजकेच आहेत. बाधित व्यक्तीशी असुरक्षित लैंगिक संबंध. बाधित रक्त शरीरात जाणे, मग ते दूषित सुईने असो वा न तपासलेले रक्त भरल्याने असो. आणि आईकडून गर्भात, प्रसूतीच्या वेळी किंवा स्तनपानातून बाळाला. प्राथमिक शाळेतील बाधित मुले बहुतेक या तिसऱ्या मार्गाने आलेली असतात. उपचार न घेतल्यास आईकडून बाळास लागण होण्याचा संभव शंभरांत पंधरा ते पंचेचाळीस इतका असतो. आईस वेळीच औषध मिळाल्यास तो पाचाच्या खाली येतो. म्हणून गरोदर स्त्रीची तपासणी आता नित्याची झाली आहे. शाळेतील त्या मुलीच्या जन्माच्या वेळी तिच्या आईची तपासणी झाली नसेल, वा झाली असूनही औषध पोचले नसेल. त्यात मुलीचा काय दोष, असा प्रश्न कोणी विचारतो. या प्रश्नातच एक खोच आहे, ती शिक्षकाने ओळखावी. मुलीचा दोष नाही असे म्हणताना आईचा किंवा बापाचा होता असे आपण सुचवीत असतो. रोग कोणत्याही मार्गाने आलेला असो, त्यावर निवाडा देणे हे शाळेचे काम नव्हे.

आता न होणारी लागण. एका बाकावर बसणे, हातात हात घेऊन फुगडी खेळणे, एका माठातील पाणी पिणे, एका ताटात जेवणे, कपडे, पुस्तक, पाटी, शौचालय, खोकला, शिंक, घाम, अश्रू, लाळ यांपैकी कशानेही हा विषाणू पसरत नाही. डासांविषयी मुले हमखास विचारतात. त्याचे उत्तर मुलांना कळेल असे देता येते. डास चावतो तेव्हा तो आपली लाळ टोचतो, आधी प्यालेले रक्त टोचीत नाही. आणि हा विषाणू डासाच्या पोटात पचून जातो. हिवतापाचे जंतू मात्र डासाच्या अंगात वाढतात व लाळेत येतात, म्हणून हिवताप पसरतो. दोन रोगांतील हा भेद फळ्यावर काढून दाखविला, तर विज्ञानाचा एक चांगला पाठ आपोआप होतो.

शाळेतील नित्याच्या सहवासातून एका मुलाकडून दुसऱ्यास एचआयव्ही झाल्याचे उदाहरण वैद्यकशास्त्राच्या नोंदीत सापडत नाही. किंबहुना धोक्याची दिशा उलटीच आहे. वर्गात गोवर, कांजिण्या किंवा क्षयाचा खोकला आला, तर त्याचा त्रास ज्याची प्रतिकारशक्ती नाजूक आहे त्या मुलास अधिक. म्हणून वर्गात अशी साथ दिसताच शिक्षकाने ती सर्व पालकांना कळवावी. सर्वांना कळविले म्हणजे त्या आजीसही कळते, आणि तिलाच वेगळे का सांगितले असे कोणी विचारीत नाही.

एका मुलाच्या दोन शाळा

अमेरिकेतील इंडियाना राज्यात, कोकोमो या शहरी, रायन व्हाइट नावाचा मुलगा राहत असे. त्यास रक्त न गोठण्याचा जन्मजात विकार होता. त्यावर जे औषध द्यावे लागे, ते त्या काळी अनेकांच्या रक्तापासून बनविलेले असे. त्यातूनच एचआयव्ही त्याच्या अंगात गेला. डिसेंबर १९८४ मध्ये, तेरा वर्षांचा असताना, निदान झाले. डॉक्टरांनी सहा महिन्यांची मुदत सांगितली. मुलगा मात्र काही दिवसांनी सावरला आणि शाळेत जाऊ द्या म्हणू लागला.

१९८५ साली त्याच्या शाळेने त्यास प्रवेश नाकारला. राज्याच्या आरोग्य आयुक्तांनी या मुलापासून इतरांस धोका नाही असे कळविले होते, तरीही पालकांचा विरोध हटेना. काही महिने तो घरी बसून दूरध्वनीवरून वर्गातील पाठ ऐकत असे. न्यायालयात झगडून १९८६ साली तो वर्गात परतला, तेव्हा लोकांची भीती शमावी म्हणून त्याने व त्याच्या आईने काही गोष्टी आपण होऊन मान्य केल्या होत्या. तो वेगळे स्वच्छतागृह वापरील, एकदा वापरून टाकून द्यावयाच्या भांड्यांत जेवील आणि व्यायामाच्या तासास जाणार नाही. अशी व्यवस्था आपल्याकडील एखाद्या शहाण्या, मध्यममार्गी मुख्याध्यापकासही पसंत पडेल. दोन्ही बाजू सांभाळल्या, असे वाटेल.

घडले ते निराळेच. काही पालकांनी मुले काढून घेऊन वेगळी शाळा सुरू केली. रायनला रस्त्यात टोमणे ऐकावे लागत. त्याच्या घराच्या खिडकीतून बंदुकीची गोळी आत आली, तेव्हा कुटुंबाने ते गाव सोडण्याचे ठरविले. याचे कारण उघड आहे. वेगळे ताट ठेवणाऱ्या शाळेने सर्व मुलांना रोज दुपारी जाहीरपणे हेच शिकविले की, या मुलाचे ताट धोक्याचे आहे. आरोग्य आयुक्तांचे पत्र कपाटात राहिले, आणि ताट सर्वांच्या डोळ्यांपुढे राहिले. मुले पत्र वाचीत नाहीत, ताट पाहतात.

१९८७ साली ते कुटुंब त्याच राज्यातील सिसेरो या गावी राहावयास गेले. तेथील हायस्कुलाने मुलगा येण्यापूर्वी विद्यार्थ्यांना या रोगाची माहिती दिली होती. शाळेच्या पहिल्या दिवशी प्रमुखांनी आणि काही विद्यार्थ्यांनी त्याच्याशी हस्तांदोलन केले. इतकेच. तेथे तो इतर मुलांसारखा शिकला, मोटार चालवावयास शिकला, मित्र मिळविले. एप्रिल १९९० मध्ये, शालान्त पदवी मिळण्यास थोडेच दिवस उरले असताना, तो वारला. त्याच वर्षी त्या देशाने एचआयव्हीबाधितांच्या उपचारासाठी केलेल्या कायद्यास त्याचे नाव दिले. आज आपल्या जिल्हा रुग्णालयात फुकट मिळणारे औषध त्यास मिळाले असते, तर तो आज पन्नाशी ओलांडलेला गृहस्थ असता.

मुलगा तोच, रोग तोच, राज्यही तेच. एका शाळेत मुलगा आधी आला आणि ज्ञान मागाहून, तेही कागदावर. दुसरीत ज्ञान आधी पोचले होते. आपल्या महाराष्ट्रातही लातूर जिल्ह्यातील एका गावी २००९ साली बाधित मुलांना शाळेत घेतले म्हणून पालकांनी आपली मुले पाठविणे थांबविले होते आणि प्रशासनास मध्ये पडावे लागले होते. तेथील पालक काही दुष्ट नव्हते. लेकराच्या जिवाची भीती कोणासही वाटते. त्यांना वेळेवर कोणी समजावून सांगितले नव्हते. वास्तविक या प्रांतास ही गोष्ट नवी असावयास नको होती. कुष्ठरोग्यास गावकुसाबाहेर झोपडी बांधून देणारी गावे येथे होतीच. वरोड्याजवळ बाबा आमटे यांना आनंदवन उभारावे लागले ते रोगापेक्षा त्या भीतीमुळे. कुष्ठरोग औषधाने बरा होऊ लागल्यावरही नावाची भीती कित्येक वर्षे मागे रेंगाळत राहिली.

सर्वांसाठी एकच नियम

मग शिक्षकाने नेमके करावयाचे काय? पहिली गोष्ट, शाळेतील जी काळजी घ्यावयाची, ती सर्व मुलांच्या बाबतीत सारखीच घ्यावी. मुले पडतात, गुडघे फुटतात, नाकातून रक्त येते. ते रक्त कोणाचेही असो, शिक्षकाने हातात रबरी मोजे घालून, ते नसतील तर स्वच्छ प्लॅस्टिकची पिशवी हातावर चढवून, जखम वाहत्या पाण्याने व साबणाने धुवावी आणि पट्टी बांधावी. मोठ्या मुलास स्वतःची जखम स्वतःच कापडाने दाबून धरावयास सांगता येते. आपल्या हातास खरचटलेले असेल तर ते आधी झाकावे. जमिनीवर सांडलेले रक्त कापडाने टिपून त्या जागी विरंजक चूर्णाचे पाणी टाकावे, थोडा वेळ राहू द्यावे, मग पुसून घ्यावे. कापड व पट्ट्या उघड्यावर टाकू नयेत. हात शेवटी साबणाने धुवावेत. एक मोज्यांचा जोड, साबण, पट्ट्या आणि औषधी कापूस एवढे साहित्य शाळेच्या प्रथमोपचार पेटीत असले की काम भागते. ही पेटी बहुतेक शाळांत असते. ती कुलपात असते आणि किल्ली रजेवर गेलेल्या शिक्षकाच्या खिशात असते, हा अनुभव मात्र फार सार्वत्रिक आहे.

असा नियम सर्वांस लावण्याचे कारण सौजन्य एवढेच नाही. कोणत्या मुलाच्या रक्तात काय आहे, हे चेहऱ्यावरून कळत नाही. पुष्कळदा ते घरच्यांसही ठाऊक नसते. रक्तावाटे पसरणारी काविळीची 'ब' जात तर एचआयव्हीपेक्षा कितीतरी सहज पसरते. तेव्हा एका मुलापुरती काळजी घेणारी शाळा बाकीच्या मुलांच्या बाबतीत बेसावध राहते. उलट सर्वांसाठी काळजी घेणाऱ्या शाळेस, बाधित मूल कोणते हे जाणून घेण्याची गरजच उरत नाही. हा मुद्दा शिक्षकाने नीट मनात मुरवून घ्यावा. "आम्हांस माहीत असलेच पाहिजे, म्हणजे खबरदारी घेता येईल," असे जे पुष्कळ शिक्षक म्हणतात, त्याचे उत्तर यात आहे.

पोषण आहाराची पंगत, माठ, परिपाठाची रांग, कबड्डीचा संघ, वनभोजन, स्नेहसंमेलनातील नाच, यांपैकी कोठेही त्या मुलास वेगळे करू नये. दयेपोटीही करू नये. "तिला पळावयास लावू नका, ती अशक्त आहे," असे वर्गात म्हणणारा शिक्षक प्रेमळ असतो. पण चार मुलांच्या घरी संध्याकाळी त्या वाक्याचा अर्थ लावला जातो. मुलीस खरोखर थकवा वाटत असेल तर तिला बसावयास जागा द्यावी, जशी ती तापातून उठलेल्या कोणाही मुलास देतो.

कळलेले कोठे ठेवावे

एचआयव्ही व एड्स (प्रतिबंध आणि नियंत्रण) अधिनियम, २०१७ हा कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून देशात लागू आहे. शिक्षणसंस्थेने बाधित व्यक्तीस प्रवेश नाकारणे, काढून टाकणे, वेगळे बसविणे वा अन्यायाने वागविणे त्याने निषिद्ध केले आहे. शाळाप्रवेशासाठी एचआयव्हीची तपासणी मागता येत नाही. कोणासही आपली स्थिती उघड करण्याची सक्ती करता येत नाही, आणि कळलेली स्थिती संबंधिताच्या, म्हणजे लहान मुलाच्या बाबतीत पालकाच्या, संमतीवाचून दुसऱ्यास सांगता येत नाही. तक्रार ऐकण्यासाठी प्रत्येक राज्यात लोकपालाची तरतूद आहे. सहा ते चौदा वयाच्या प्रत्येक मुलाचा शिक्षणाचा हक्क तर १ एप्रिल २०१० पासून वेगळ्या कायद्याने आलेला आहेच.

आता तिसरीच्या वर्गाकडे परत यावे. आजीने सांगितलेले गुरुजींनी कोणास सांगावे? मुख्याध्यापकांस? केंद्रप्रमुखांस? शाळा व्यवस्थापन समितीस? उत्तर असे की, आजीने ज्यास सांगितले त्याच्यापाशी ते थांबावे. मुख्याध्यापकास सांगितल्याने मुलीस काही लाभ होणार असेल, उदाहरणार्थ गैरहजेरीचा प्रश्न सुटणार असेल, तर प्रथम आजीस विचारावे आणि तिने होकार दिला तरच सांगावे. हजेरीपटात, सर्वसाधारण नोंदवहीत, प्रगतिपत्रकात, शाळा सोडल्याच्या दाखल्यावर, कोठेही या गोष्टीचा शब्द वा खूण असू नये. काही शिक्षकांना नावापुढे तांबड्या शाईने ठिपका देण्याची सवय असते. तो ठिपका पुढील वर्षीचा शिक्षक वाचतो आणि अर्थ विचारतो. शिक्षकांच्या भ्रमणध्वनीवरील गटांविषयीही हेच म्हणावयास हवे. तेथे टाकलेली गोष्ट संध्याकाळपर्यंत तालुक्यास पोचते आणि मग ती परत घेता येत नाही.

गुप्ततेची दुसरी बाजू अधिक नाजूक आहे. पुष्कळ लहान मुलांना आपण गोळ्या कशासाठी घेतो, हे ठाऊक नसते. "ताकदीच्या गोळ्या" असे घरी सांगितलेले असते. मुलास खरे सांगणे आवश्यक असते. पण ते वयाच्या मानाने, टप्प्याटप्प्याने, घरच्यांनी एआरटी केंद्रातील समुपदेशकाच्या साह्याने सांगावयाचे असते. शिक्षकाच्या तोंडून, तोही रागाच्या भरात, शब्द निसटला तर मुलास आपल्या आयुष्यातील सर्वांत मोठी बातमी सर्वांत वाईट रीतीने कळते. मूल स्वतः होऊन काही विचारू लागले, तर त्यास खोटे सांगू नये. ऐकून घ्यावे, आणि मूल विचारू लागले आहे हे आजीच्या कानी घालावे, म्हणजे ती पुढील भेटीत समुपदेशकास सांगेल.

आणि समजा, गोष्ट शाळेबाहेरून फुटलीच. चार पालक सकाळी ओट्यावर येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "त्या पोरीला काढा, नाही तर आमची पोरं येणार नाहीत." येथे शिक्षकाने होय अथवा नाही, काहीच म्हणू नये. "कोणत्याही मुलाच्या प्रकृतीविषयी शाळा कोणाशी बोलत नाही, उद्या तुमच्या मुलाविषयी कोणी विचारले तर त्यालाही आम्ही हेच सांगू," असे शांतपणे सांगावे. पालकांना बसवावे, पाणी द्यावे. त्याच माठातील पाणी शिक्षकाने स्वतःही प्यावे. त्यांचे म्हणणे पुरते ऐकून घेतल्यावर प्राथमिक आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्यास गावात बोलावून सर्व गावासाठी बैठक घ्यावी. ती या एका रोगावर न घेता शाळेतील मुलांच्या आरोग्यावर घ्यावी. ज्यांना खाजगीत शंका विचारावयाच्या असतील, त्यांच्यासाठी १०९७ हा विनाशुल्क दूरध्वनी क्रमांक फळ्यावर लिहून ठेवावा. मुलीला काही दिवस घरी ठेवा, वातावरण निवळू द्या, असा सल्ला जवळची माणसे देतील. तो शिक्षकाने मानू नये. घरी बसलेले मूल गावाच्या संशयास पुरावा ठरते, आणि एकदा घरी बसलेले मूल शाळेत परतणे किती कठीण, हे ऊसतोडीच्या मुलांवरून शिक्षकांस ठाऊक आहे.

पाठ कसा द्यावा

हा पाठ वेगळा काढून देऊ नये. १ डिसेंबर हा जागतिक एड्स दिन १९८८ पासून पाळला जातो. त्या दिवशी फेरी काढून घोषणा देण्याचा प्रघात आहे. फेरीस हरकत नाही, पण घोषणा तपासून पाहाव्यात. मृत्यूची भीती घालणारी घोषणा त्या मुलीसही फेरीत चालताना म्हणावी लागते, हे घोषणा लिहिणाऱ्याच्या ध्यानात राहत नाही.

पाचवीच्या पुढील वर्गांत रोगप्रसाराचा घटक शिकविताना फळ्याचे चार भाग करावेत: पाण्यावाटे, हवेवाटे, कीटकांमुळे, रक्तावाटे. मुलांना ठाऊक असलेल्या रोगांची नावे विचारून ती योग्य भागात लिहवून घ्यावीत. पटकी पहिल्या भागात जाईल, क्षय दुसऱ्या, हिवताप तिसऱ्या. एचआयव्ही चौथ्यात लिहून तेथे 'ब' काविळीस त्याच्या शेजारी बसवावे. मग मुलांनीच ठरवावे की, माठ कोणत्या भागातला आणि बाक कोणत्या भागातला. जत्रेत एकाच सुईने अनेकांना गोंदतात, त्याचे काय, असे कोणी विचारील. तेथे धोका आहे, म्हणून गोंदवावयाचेच असेल तर नवी सुई मागावी. नाभिकाकडेही प्रत्येकास नवे पाते असावे, हे सांगावे. लैंगिक मार्गाचा उल्लेख वरच्या वर्गांत साध्या, गंभीर शब्दांत करावा; शिक्षक लाजला की वर्ग हसतो, न लाजता बोलला की बहुधा ऐकतो. 'एड्सग्रस्त', 'बळी' हे शब्द टाळून 'एचआयव्हीसह जगणारी व्यक्ती' असे म्हणावे. प्रथम ते लांब वाटते. वर्गास मात्र चार दिवसांत सवय होते.

राहिली त्या मुलीची गैरहजेरी. एआरटी केंद्रावर औषधासाठी ठरावीक तारखेस जावेच लागते. पुढे प्रकृती स्थिर असल्यास दोन तीन महिन्यांचे औषध एकदम मिळू शकते. गोळ्यांत खंड पडला तर विषाणू औषधास दाद देईनासा होतो, म्हणून तो दिवस शाळेसाठी चुकवून चालत नाही. गुरुजींनी आजीकडून पुढची तारीख आधीच समजून घ्यावी, त्या दिवशी चाचणी ठेवू नये आणि तिला वर्गासमोर कारण विचारू नये. सकाळच्या एस. टी.ने गेलेली मुलगी रांग लवकर सरली तर दुपारच्या गाडीने परतते, आणि शेवटचे दोन तास तिला मिळतात. त्या दिवशीची भागाकाराची उदाहरणे फळ्याच्या डाव्या कोपऱ्यात पुसल्यावाचून राहू द्यावीत. तिच्या शेजारच्या मुलीकडे वही मागण्याची वेळ तिच्यावर येणार नाही.